आबांच्या छातीतला डाग

आमचे आबा म्हणजे भाईदास. सोनगीरमध्ये लोक त्यांना पाठीमागे 'दोरेकाप्या' म्हणतात आणि आबांना ते ठाऊक आहे. लग्नात, बारशात कुणाच्या मनगटाला काळा दोरा दिसला की यांची कात्री निघते. बौद्ध झालो ते काय फोटोला हार घालण्यापुरते झालो, असं तोंडावर विचारतात. एकदा हायवेवर एका रिक्षाची लिंबू-मिरची तोडून त्यांनी रिक्षावाल्याच्याच हातात दिली आणि घरी जाऊन आमटीत घाल म्हणाले. मी या माणसाची मुलगी. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा कुणी ठेवू नये.

आबांची हयात जिनिंगमध्ये गेली. तिथं कापसाचं तूस नाकातोंडात जातं आणि मालक लांब काचेच्या खोलीत बसतो. यंदा थंडीत आबांचा खोकला थांबेना. तेवढ्यात गावात फुकट तपासणीचं शिबिर आलं, गाडीतच छातीचा फोटो काढणारं. रांग शाळेच्या फाटकाबाहेर गेली होती. फोटो काढणाऱ्या पोरानं विचारलं, अंगावर धातूचं काही आहे का? आबा म्हणाले, धातू नाही, दोरा नाही, ताईत नाही, बघायचं तर बघ. मग बंडी राहू द्या, तो म्हणाला. फुकटच्या रांगेतल्या माणसाला बंडी काढायला लावण्याइतका वेळ या देशात कुणाकडे नसतो.

रिपोर्ट आला. उजव्या फुफ्फुसात गोल डाग, लवकर सीटी स्कॅन करावा. लिहिणाऱ्या डॉक्टरनं आबांचं तोंडही पाहिलेलं नव्हतं. पण त्या एका ओळीनं आमचं घर बसलं. आबा कात्री विसरले. विहारात जाईनासे झाले. माझ्या भावाला, प्रशीलला, शेताचे कागद कुठं आहेत ते दाखवून ठेवलं. माय, आमची झुंबरबाई, एरवी दिवसभर बोलणारी बाई, ती चुलीपुढं नुसती बसून राहायची.

मी जळगावला राहते. दोघांना इकडेच बोलावून घेतलं आणि स्कॅनला नेलं. तिथल्या बाईंनी आबांना सगळे कपडे काढून हिरवा झगा घालायला सांगितला. आबांनी बंडी काढली, तशी मायनं ती झडप घालून घेतली आणि घडी करून काखेत दाबली. मी धरते म्हटलं तर दिली नाही. मला वाटलं, बिचारी नवऱ्याचा कपडा उराशी धरून बसलीय. माझा जीव कळवळला, खोटं कशाला सांगू.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. पडद्यावर आबांची छाती कापलेल्या कांद्यासारखी चकतीचकतीनं दिसत होती. त्यांनी वरपासून खालपर्यंत दोनदा फिरवून दाखवली. डाग नव्हता. श्वासनळ्या सुजलेल्या आहेत, ते धुळीमुळे, त्यावर औषध आहे, ओढायचा पंप आहे. बाकी फुफ्फुस साफ. मग त्यांनी शिबिराची फिल्म उजेडाला धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. यात तर डाग स्पष्ट आहे, फिल्मची अदलाबदल झाली असेल, त्या दुसऱ्या माणसाला शोधायला हवं, असं म्हणून त्या फोन करायला निघाल्या.

आबांना एकदम जोर आला. त्या पोराला मी सोडत नाही, म्हणाले. इतके दिवस मला मारून ठेवलं. तक्रार करतो, त्याची नोकरी घालवतो. उठलेसुद्धा.

तेव्हा माय बोलली.

"त्या पोऱ्याले काही करू नका. तो डाग म्हंजे बिब्बा शे. मी शिवेल शे."

तिनं काखेतली बंडी टेबलावर ठेवली. आतल्या खिशाच्या मागं दुहेरी कापड होतं आणि त्यात सुपारीएवढा बिब्बा, नजर लागू नये म्हणून शिवलेला. बंडी धुवायला निघाली की ती तो उसवायची आणि दुसऱ्या बंडीत शिवायची. डॉक्टरीणबाईंनी फिल्म बंडीवर धरली. डाग बरोबर बिब्ब्यावर बसला. त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.

आबांचा चेहरा बघवत नव्हता. "मना अंगवर? मना?" एवढंच म्हणाले.

माय खाली मान घालून म्हणाली, "तुमना इचारवर मना भरोसा शे. खोकलावर नही."

बाहेर रसवंतीवर बसलो. आबा आमच्याकडे पाठ करून बसले. मला वाटलं, आता महिनाभर अबोला. रसाचा ग्लास अर्धा झाला आणि ते एकटेच हसायला लागले, ठसका लागेपर्यंत. मायनं पाठ चोळली. मी मात्र त्या शिबिरवाल्यांना सोडलं नाही. बंडी काढायला लावली असती तर आमचे हे दिवस असे गेले नसते, हे त्यांना पत्रानं कळवलं, आणि शब्द निवडून वापरले नाहीत.

पुढच्या रविवारी आबा सोनगीरच्या विहारात बिब्बा घेऊनच उभे राहिले. मला वाटलं होतं लपवतील. त्यांनी तो बोटांत वर धरला.

"हा थंडीभर माझ्या छातीवर होता," ते म्हणाले. "खोकला एका दिवसानंही कमी झाला नाही. पंप ओढला, आठवड्यात झोप लागली. आणखी काय पुरावा पाहिजे?"

लोक टाळ्या वाजवणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं मायचा आवाज आला.

"पन डाग तर गया ना."

सगळा विहार हसला. सगळ्यात मोठ्यानं आबा.