माझी डावी नळी

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि मला एका जागी स्वस्थ बसवत नाही. कुठल्याशा कारखान्यात जन्मले खरी, पण माझं आयुष्य गेलं दक्षिण गोलार्धातल्या व्हाकापापा नदीकाठी, रेवी नावाच्या माणसाच्या गळ्यात. तरुणपणी सॉ मिलमध्ये ढलपी उडून रेवीचा डावा डोळा गेला. तेव्हापासून तो माझ्या उजव्या नळीतूनच बघायचा.

आमच्याकडे जुलैत ऐन हिवाळा असतो आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही. नदीवर फियो नावाची करडी बदकं राहतात. दगडावर बसली की दगडच वाटतात. पुलाखालची जोडी दिसली नाही, तर रेवीला जेवण जात नसे.

तो मला फार जपायचा. एकदा मी खडकावर आपटले आणि उजव्या नळीला चीर गेली. तरी रोज संध्याकाळी शर्टाने पुसून तो मला चामडी पेटीत घट्ट बंद करी. मी बाहेरून कोरडी, आतून ओलीच. हळूहळू उजव्या भिंगावर बुरशी धरली. सांगणार कोणाला?

गेल्या हिवाळ्यात पूर आला. ओसरल्यावर नर दिसला, मादी दिसेना. आठ दिवस रेवी पुलावर येरझाऱ्या घालत होता. पुढेपुढे नरही धूसर दिसू लागला. उरलेला डोळाही चालला, ही धास्ती त्याने कोणालाच सांगितली नाही.

नवव्या दिवशी थोरली बहीण रोईमाता छत्री घेऊन आली.

"न्युमोनिया झाल्यावर ही बदकं येणारेत का तुला सूप पाजायला?"

"ताई, मला दिसत नाही गं नीट."

तिने मला ओढून घेतलं. आधी एका नळीतून पाहिलं, मग दुसऱ्या.

"अरे शहाण्या, डोळा तुझा नाही, हिचा गेलाय. आत जाळं धरलंय. दुसऱ्या नळीनं बघ की."

"त्या नळीनं मी कधी बघतच नाही."

"ते कळलं."

रेवीने माझी डावी नळी उजव्या डोळ्याला लावली. पाणी लख्ख दिसलं. नर दिसला. त्याच्यामागचा दगड मान वळवून पिसं साफ करू लागला.

"दोन आहेत," रेवी म्हणाला. मग पुन्हा, हळूच, "दोन."

मित्रांनो, आमच्यासारख्यांना ओलं असताना बंद करू नका, जरा वारा लागू द्या. आणि जग धूसर दिसलं, तर मनातल्या मनात कुढत बसू नका. कोणाच्या तरी हाती आम्हाला देऊन बघा.