पाणी संपलं

असं समजा, तुमचा एक मामा आहे. उंच, हडकुळा, दिवसभरात जेमतेम चार वाक्यं बोलणारा. रोज पहाटे दूधवाल्याच्या गाडीच्याही आधी तो उठतो, रानाच्या वाटेनं धावत जातो आणि परत येतो तेव्हा त्याचा चेहरा जाताना होता तसाच असतो. आता असंही समजा, की हा मामा उद्या देशासाठी धावणार आहे, आणि आज संध्याकाळी त्याची सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवायचं काम पहिल्यांदाच तुमच्यावर आलंय. किती वेळा लाकडं मोजाल तुम्ही?

हेलसिंकीच्या कडेला, लाल लाकडी घरांच्या वस्तीत राहणाऱ्या हेल्वीनं ती सकाळपासून तीनदा मोजली होती.

शनिवार होता, उन्हाळा सरत आला होता. रविवारी फिनलंड आणि स्वीडनचा सामना. दहा हजार मीटरच्या शर्यतीत दोन्हीकडचे तीन-तीन धावपटू, आणि आपल्या तिघांत तिसरा म्हणजे तिचा एन्सिओमामा. रौतिओ मास्तरांनी, म्हणजे प्रशिक्षकांनी, मामाला तोंडावर सांगितलं होतं, "उद्या तू जिंकणार नाहीस, ते दोघं बघून घेतील. पण स्वीडनच्या त्या थूरेच्या पुढे राहिलास तर पुढच्या वर्षी ऑलिम्पिकला जाणाऱ्या बोटीवर तुझी जागा पक्की. मागे राहिलास तर तू आणि तुझी लाकडाची वखार." जाता जाता त्यांनी हेल्वीकडे बोट केलं. "आणि सौना नुसती कोमट. आत जायचं, अंग शेकायचं, बाहेर यायचं, झोपायचं. कळलं का गं?"

"कळलं, मास्तर," हेल्वी म्हणाली.

आणि तिनं खरंच मोजून-मापून लाकडं घातली होती. अंगणाच्या टोकाला सौनेची छोटी लाकडी खोली, आत भट्टीवर दगडांचा ढीग. दगड तापले की त्यांच्यावर पळीनं पाणी टाकायचं, की फस्सकन वाफ उठते आणि माणूस वरच्या फळीवर बसून घामानं निथळतो. तिनं अंगावर झोडपून घ्यायच्या बर्च झाडाच्या डहाळ्यांच्या जुड्या भिजत घातल्या, पाण्याची बादली भरून आत दारापाशी ठेवली. सगळं व्यवस्थित झालं होतं. घोटाळा झाला तो पाहुण्यामुळे.

पाहुणा म्हणजे तोच तो थूरे. गेल्या वर्षी मामा स्टॉकहोमला धावायला गेला होता, तेव्हा थूरेच्या आईनं त्याला घरी नेऊन पोटभर मासे आणि बटाटे खाऊ घातले होते. आता थूरे हेलसिंकीत आला म्हटल्यावर त्याला घरी बोलावणं भागच होतं. आणि शनिवारी घरी आलेल्या पाहुण्याला सौना दिली नाही, तर वस्तीत तोंड दाखवायची सोय उरली नसती. थूरे आला, पिवळ्या केसांचा, गालावर खळी पडणारा. त्यानं हेल्वीच्या आईला वाकून नमस्कार केला, हेल्वीच्या हातात चॉकलेटची वडी ठेवली आणि मामा आणि आजोबा, म्हणजे मामाचे वडील, यांच्या मागोमाग आत गेला.

"अप्पा, पाणी बेतानं टाका," आतून मामाचा आवाज आला.

"तू गप रे. आयुष्यभर सौना घेतोय मी," आजोबा म्हणाले.

आजोबांनी तरुणपणी मालवाहू जहाजांवर काम केलं होतं, म्हणून त्यांना स्वीडिश यायचं. मामाला यायचं नाही आणि थूरेला फिन भाषा यायची नाही. त्यामुळे आत जे काही बोलणं होणार होतं ते सगळं आजोबांच्या तोंडून.

फस्स. वाफ उठली. थूरे काहीतरी दोन शब्द बोलला.

"काय म्हणतो?" मामानं विचारलं.

"म्हणतो, आमच्याकडे बर्फ पडतो तेव्हासुद्धा याहून उकडतं," आजोबा म्हणाले.

बाहेर जुड्या झटकत बसलेली हेल्वी थबकली. दोन शब्दांत एवढं सगळं मावलं कसं?

आत फळी कुरकुरली. मग मामा म्हणाला, "टाका अजून."

फस्स. मग थूरे काही बोलला, आजोबा काही बोलले, आणि पुन्हा फस्स. हेल्वीला आता कळून चुकलं, आत काय चाललंय ते. तिच्या देशात माणूस भाकरीवाचून एक वेळ राहील, पण सौनेत पाहुण्याच्या आधी फळीवरून उतरणार नाही. आणि थूरे तर स्वीडिश. स्वीडिश माणसासमोर आधी उतरायचं? मामा तिथेच शिजून गेला असता.

"मामा, कॉफी झाली," तिनं दारातून हाक मारली.

आत पळी बादलीवर आपटली.

"मामा, वेलदोड्याचा पाव गरम आहे अजून."

फस्स.

"मामा, रौतिओ मास्तर म्हणाले होते, कोमट."

"मास्तर इथे बसलेत का?" आजोबांनी विचारलं. पण पुढच्याच क्षणी दार उघडलं आणि आजोबा स्वतःच बाहेर आले, कमरेला पंचा, चेहरा टवटवीत. गवतावर पाय पसरून त्यांनी ताकाचा तांब्या तोंडाला लावला.

"अप्पाआजोबा, तुम्ही बाहेर कसे?"

"मी खालच्या पायरीवर होतो. खाली गार असतं," आजोबा म्हणाले. "ते दोघं वर बसलेत. बसू दे. पळी दिलीय मी त्यांच्याकडे."

आता पळी मामाच्या हातात, मग थूरेच्या. आळीपाळीनं फस्स, फस्स. हेल्वीनं भट्टीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं, शेवटी बादलीकडे पाहिलं. दारातून हात घालून तिनं बादली बाहेर ओढली, आणि होतं नव्हतं ते पाणी कोबीच्या वाफ्यात ओतून टाकलं.

"मामा, पाणी संपलं," ती ओरडली.

आजोबांनी गवतावर पडल्या पडल्या तेच स्वीडिशमध्ये ओरडून सांगितलं.

आत पळी खाली पडली. पाणी संपलं म्हणजे कोणी हरलं नाही. मग एकदम धडधड पावलं वाजली आणि दोघंही एकाच वेळी दारात येऊन खांद्याला खांदा लावून अडकले. एक खांदा मामाचा, एक थूरेचा, दोन्ही बीटासारखे लाल. आजोबांना हसताना ताकाचा ठसका लागला. अखेर दार करकरलं आणि दोघं एकदमच गवतावर येऊन पडले. थूरे आभाळाकडे बघत म्हणाला, "पाणी संपलं." फिन भाषेतले तेवढेच दोन शब्द त्याला त्या संध्याकाळी आले.

दुसऱ्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. हेल्वी आणि आजोबा शेवटच्या वळणाशी कठड्याला टेकून उभे होते. हेल्वीच्या पायाशी घरून आणलेली पाण्याची बादली आणि पळी होती, कारण आजोबांचा शहरातल्या नळावर विश्वास नव्हता.

बंदूक वाजली आणि काळ्या धावपट्टीवरून सहा जण निघाले. थोड्याच वेळात चार जण पुढे गेले, दोन आपले, दोन त्यांचे. मागे राहिले एन्सिओमामा आणि थूरे. दोघांचे पाय असे पडत होते, जणू कोणी रात्रभर पाण्यात भिजत घातले होते. फेरीमागून फेरी झाली, पुढचे अजून पुढे गेले, आणि हे दोघं खांद्याला खांदा लावून डुलत राहिले.

"काय झालंय यांना?" शेजारच्या बाई म्हणाल्या. "आजारी आहेत का?"

"नाही हो, स्वच्छ आहेत," आजोबा म्हणाले.

हेल्वीनं आजोबांकडे असं पाहिलं, की ते टोपी नीट करू लागले.

पहिले चौघे पोचले. आपला एक पहिला आला, लोकांनी टोप्या उडवल्या. मग सगळं मैदान या दोघांकडे वळलं. शेवटची फेरी. दोघांचे चेहरे लाल, डोळे अर्धे मिटलेले. मामा पुढे जाईना, थूरे पुढे जाईना, आणि मागे तर कोणीच राहीना. हेल्वीला हा चेहरा ओळखीचा वाटला. फळीवर बसलेल्या माणसाचा चेहरा. उतरू का नको, उतरू का नको. ऑलिम्पिकची बोट तिच्या डोळ्यांसमोरून मामाविनाच निघाली, आणि मामा वखारीत फळ्या उचलत होता.

दोघं वळणावर आले. हेल्वी कठड्यावर चढली आणि छाती फुटेस्तोवर ओरडली, "मामा, पाणी संपलं!"

मामाच्या पायांना ते डोक्याच्या आधी कळलं. तो दाराकडे सुटावा तसा सुटला. थूरेनं मान हलवली, ओठ हलवले, काल आलेले दोन शब्द जुळवले, आणि मग तोही सुटला. पण तेवढ्यात मामानं छातीभर जागा मिळवली होती. दोघं रेषेवर आदळले, पुन्हा खांद्याला खांदा, पण पांढरी दोरी आधी मामाच्या छातीला लागली. पाचवा मामा, सहावा थूरे. दोघंही मैदानाच्या गवतावर कोसळले, अगदी कालच्यासारखे.

हेल्वी बादली घेऊन पळाली, पण रौतिओ मास्तर तिच्या आधी पोचले होते.

"पुढे राहिलास, ठीक आहे. शब्द म्हणजे शब्द," ते म्हणाले. "पण ही पोर काय ओरडली? कसलं पाणी? आणि हे पाय कोणाचे आहेत, तुझे की गाईच्या वासराचे?" त्यांनी डोळे बारीक केले. "एन्सिओ, काल सौनेत किती वेळ होतास?"

मामा गवताच्या काड्या उपटू लागला. तो खोटं बोलायचा नाही, आणि खरं बोलला असता तर मिळालेली जागा गेली असती. त्यानं आजोबांकडे पाहिलं. आजोबा ढग बघत होते.

मास्तरांचं बाकी बोलणं थूरेला कळलं नव्हतं, पण सौना हा शब्द कळला. त्यानं गवतावरूनच मान उचलली, मास्तरांकडे बघितलं, मामाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे बघितलं. मग हात वर केला आणि पाचही बोटं पसरली. गालावर खळी पडली.

"पाच मिनिटं?" मास्तर म्हणाले. "बरं. मग थकवा असेल. बोटीवर चढेपर्यंत जरा खात जा." आणि ते पहिल्या आलेल्याचं अभिनंदन करायला गेले.

थूरेनं हेल्वीच्या काठोकाठ भरलेल्या बादलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि म्हणाला, "पाणी संपलं?"

हेल्वीचे कान लाल झाले. तिनं पळी भरली, मामाला ओलांडून पुढे गेली आणि पहिली पळी थूरेला दिली, दुसरीही त्यालाच दिली. मग उरलेली अख्खी बादली उचलून मामाच्या डोक्यावर रिकामी केली.