डोळ्यावरचे कुंकू

सकाळी अकरा वाजता हिरवे बटण दाबले गेले आणि माझा पट्टा हलला नाही. पट्ट्यावर एकही खोका नव्हता, तरी लाल दिवा पेटलेला होता. समोर दीपमाला उभी होती. तिच्या मागे बाहेरच्या कॉलेजातून आलेले परीक्षक हाताची घडी घालून उभे होते. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती.

मित्रांनो, मी एक जुना कन्व्हेयर आहे, म्हणजे सामान वाहून नेणारा पट्टा. मी कारखान्यात कधी काम केले नाही. कारखाना कसा चालतो ते मुलांना शिकवण्यासाठी मला बनवले. माझा जन्म हैदराबादच्या बालानगरमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. माझा सांगाडा ॲल्युमिनियमचा. मोटर आधी कुठल्या तरी बिस्किटाच्या कारखान्यात होती. माझ्या पोटात पीएलसी नावाचा एक छोटा संगणक आहे. मुले त्याच्यात प्रोग्राम भरतात आणि तो मला कधी चालायचे, कधी थांबायचे ते सांगतो. मला सेन्सरचा एक डोळाही आहे. त्यातून निघालेला किरण समोरच्या आरशावर जाऊन परत येतो. मध्ये खोका आला की किरण तुटतो, लाल दिवा लागतो आणि खोका आल्याचे मला समजते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की मला चालवून दाखवत. कॉलेजच्या माहितीपत्रकावर माझा फोटो होता. पुढे अभ्यासक्रमाचे नाव बदलून स्मार्ट इंडस्ट्रियल ऑटोमेशन झाले आणि काचेच्या खोलीत परदेशी रोबोचा हात आला. फोटो त्याचा छापू लागले. त्याला हात लावण्याची मुलांना परवानगी नाही. त्यामुळे पदवी त्याच्या नावावर मिळते आणि शिकणे माझ्यावर होते.

दीपमाला माझ्यावरच शिकली. तिचे घराणे मराठवाड्यातले, बौद्ध. वडील उत्तमराव सिकंदराबादला रेल्वेत आहेत. हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या एका कारखान्याने तिला नोकरीसाठी निवडले होते. अट एकच होती, या परीक्षेत नापास व्हायचे नाही. वडिलांचा फोन आला की ती माझ्या कडेला टेकून बोलायची.

"पप्पा, क्वार्टरमध्ये सगळ्यांना सांगून बसलात ना? आधी पास तर होऊ द्या!"

खोके मोजण्याचा प्रोग्राम तिने दसऱ्याआधी माझ्यावर चालवला. लाल दिवा लागला की मी थांबायचे आणि खोका मोजायचा, असा तो होता. तेव्हा एकही खोका चुकला नाही. त्यानंतर सराव बंद झाला.

दसऱ्याची सुट्टी लागण्याआधी दरवर्षी प्रयोगशाळेत यंत्रांची आयुधपूजा होते. प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या पद्मावती मॅडम मनापासून पूजा करतात. रोबोच्या काचेला त्या नुसता हार घालतात. मला मात्र स्वतःच्या बोटाने हळद-कुंकू लावतात. पॅनेलला लावतात, मोटरला लावतात. या वर्षी त्यांनी डोळ्यालाही लावले. ओल्या कुंकवाचा जाड ठिपका बरोबर डोळ्याच्या काचेवर बसला. मला दिसेनासे झाले.

दीपमाला दारात उभी होती. तिच्या वर्गातला शिवराज आतून म्हणाला, "ये की आत. बाहेर काय वॉचमन हायेस?"

"प्रसाद दे, खाते. हात जोडायला तेवढं नको म्हणू."

"बघ हं, मशीन रुसेल तुझ्यावर!"

"रुसली तर तुझ्यावर रुसेल. प्रोग्राम कुणाचा बंद पडतो रोज?"

दोघेही हसले. तिने मूठभर मुरमुरे-फुटाणे खाल्ले. आत बसलेल्या काही जणांना हसू आले नाही.

परीक्षेत चिठ्ठ्या उचलायच्या असतात. कुणाला मोटर उलटी-सुलटी फिरवायची होती, कुणाला दिवे क्रमाने लावायचे होते. त्यांना डोळ्याची गरज नव्हती, म्हणून मी सगळ्यांसाठी चाललो. खोके मोजण्याची चिठ्ठी दीपमालाला आली. ती किंचित हसल्याचे मी ऐकले.

पट्टा हलला नाही तेव्हा तिने आधी लाल दिवा पाहिला, मग माझा डोळा. तिला लगेच कळले. तिने रुमाल काढला आणि हात पुढे केला.

"अम्मा, नक्को!" पद्मावती मॅडम तिला म्हणाल्या; मुलींना त्या अम्माच म्हणतात. "पूजा का है. पोंछते नहीं उसको."

"मॅडम, सेन्सर पे लगा है."

"बाकी सबका चला ना?" परीक्षक म्हणाले. "प्रोग्राम देखो अपना."

मागून कुणीतरी पुटपुटले, "पूजेला आली नव्हती ना. रुसली मशीन."

शिवराजची थट्टा दुसऱ्याच तोंडून परत आली होती. शिवराज मान खाली घालून उभा राहिला. दीपमालाचा हात माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला. पूजेला हात न जोडणाऱ्या मुलीने पूजेचे कुंकू पुसले असते, तर लोकांनी त्याचा काय अर्थ काढला असता, हे तिला माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. तिने रुमाल मुठीत धरला.

मग ती संगणकापाशी बसली आणि तिने आपला बरोबर असलेला प्रोग्राम मोडला. लाल दिवा पेटलेला असतानाही मी चालावे, असे तिने लिहिले. मी चाललो. खोका आला. मी थांबलो नाही. खोका पुढच्या टोकाला गेला आणि फरशीवर पडला. परीक्षकांनी काही लिहिले आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

ती नापास झाली. कारखान्याने महिन्याअखेरीपर्यंत वाट पाहू, असे कळवले आहे. फेरपरीक्षा होईल असे म्हणतात. तारीख लागलेली नाही. फोन वाजतो, पण आता ती माझ्याजवळ थांबून तो घेत नाही.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. येत असते, तर त्या सकाळी एवढेच बोललो असतो. मला हार नको, काचेची खोलीही नको. माझी पूजा करताना माझ्याकडे नीट बघा. ज्या जागेतून मी बघतो ती जागा झाकू नका. झाकली गेली, तर जिला ते दिसले तिला पुसू द्या. ती कोण आहे, हे आधी विचारू नका.

आज दुपारी दीपमाला एकटी आली. तिने जुना प्रोग्राम पुन्हा भरला आणि हिरवे बटण दाबले. लाल दिवा लागलेलाच राहिला. तिने रुमाल काढला. तेवढ्यात बाहेर पद्मावती मॅडमच्या चपला वाजल्या आणि दाराशी येऊन थांबल्या.

रुमाल तिच्या मुठीत आहे. पट्टा हललेला नाही.