केवळाबाईची म्हैस

केवळाबाई गेल्याचा फोन आला तेव्हा धोंडीबा गोठ्यात पेंड भिजवत होता. तिला परभणीच्या दवाखान्यात नेऊन दोन दिवस झाले होते. पोरगा बबलू तिच्याजवळ होता, आणि म्हशीच्या वैरणपाण्याला कुणीतरी हवं म्हणून धोंडीबा गावी, बोरीतच थांबला होता.

"आबा, आई गेली," एवढंच बबलू बोलला.

पलीकडचा आवाज बंद झाला तरी धोंडीबाने फोन कानाला तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी घर माणसांनी भरलं. म्हशीला त्याचं काय? धारेची वेळ झाली तशी ती ओरडायला लागली. शेजारची चांगुणाबाई उठली. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी केवळाबाईनं सोडलेलं लुगडं खुंटीला होतं, ते तिने अंगाभोवती गुंडाळलं आणि चरवी घेऊन गोठ्यात गेली. दोन दिवस ती असंच करत होती. पारडी लुचायला आली की म्हैस पान्हा घालायची, पण त्या लुगड्याचा वास नसेल तर माणसाच्या हाताला लगेच दूध चोरायची.

तेरावा झाला. बबलू पूर्णेला कामावर परत निघाला. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "आबा, चांगुणामावशी सोमवारी देवगाव फाट्याला जायलीय, पोरीच्या बाळंतपणाला. मग धार कोण काढंल? तुमी तर जन्मात सडाला हात लावला न्हाई. रईवारी गिऱ्हाईक धाडतो. म्हैस इकून टाका."

पोरगं खोटं बोलत नव्हतं. धार काढणं बायकांचं काम, असं धोंडीबा तीस वर्षं म्हणत आला होता. पण ही म्हैस केवळाबाईनं पाच-सहा वर्षांपूर्वी माहेराहून वगार म्हणून आणलेली, अजून व्यायलीही नव्हती तेव्हा. ती गेली की केवळाबाईचं म्हणावं असं जितंजागतं घरात काही राहणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी तो स्वतःच चरवी घेऊन निघाला. चांगुणाबाईने लुगडं पुढे केलं.

"हे घ्या भावजी अंगावर."

"म्या लुगडं घिऊ? गाव काय म्हणंल वैनी?"

"गाव येतंय का धार काढायला?"

त्याने ऐकलं नाही. सदऱ्यावरच म्हशीखाली बसला आणि सड असा ओढला की म्हशीने लाथ झाडली. चरवी दारापर्यंत गडगडत गेली. धोंडीबाने चिडून कासरा उगारला.

"हाणा, हाणा," चांगुणाबाई म्हणाली. "मंजे रईवारपर्यंत थांबायचंबी काम न्हाई."

कासरा टाकून तो बाहेर ओट्यावर येऊन बसला, ते दुपारपर्यंत.

गावातले गोऱ्हे औताला शिकवायला लोक धोंडीबाकडेच आणत. त्याची रीत ठरलेली होती. पहिल्या दिवशी नुसता पाठीवरून हात. मग मानेवर रिकामं जू. मग मागे एखादा ओंडका. औत सगळ्यात शेवटी. आणि उगारायचं कधीच नाही. दांडगे दांडगे गोऱ्हे त्याच्या हाताखाली आठ दिवसांत सरळ चालले होते. आणि सकाळी त्याने काय केलं? पहिल्याच दिवशी औत जुंपलं, वर कासरा उगारला. म्हशीला दूध देता येतच होतं. न शिकलेला तो होता.

मग स्वतःलाही तसंच शिकवायचं, असं त्याने ठरवलं. कुणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी चांगुणाबाई धार काढत असताना तो म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. शुक्रवारी लुगडं मांडीवर घेऊन म्हशीच्या तोंडापाशी बसला, म्हणजे तिला वास येत राहील आणि चांगुणाबाईला धार काढता येईल. तेच सगळ्यात अवघड गेलं. शेणाचा, चुलीच्या धुराचा आणि केवळाबाईच्या डोक्याच्या तेलाचा वास त्यात होता. गुरुवारी त्याने गावाचं नाव पुढे केलं होतं, पण भ्यायला होता तो या वासाला. ऊठ, असं त्याला दोनदा वाटलं. उठू नको धोंड्या, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं. धार संपेपर्यंत तो बसला.

शनिवारी सकाळी गोठ्याचं दार लोटून घेऊन त्याने लुगडं अंगावर घेतलं, डोक्यावरून पदरही घेतला. म्हशीने मान वळवून हुंगलं. त्याने पारडी सोडली, म्हशीने पान्हा घातला, मग पारडी बाजूला बांधून तो बसला. सडाला हात लावला आणि बोटं लाकडासारखी झाली. म्हैसही आखडली.

तेवढ्यात दाराच्या फटीतून आवाज आला, "पदर नीट घ्या भावजी, सासरा यायलाय!"

धोंडीबा आधी दचकला. मग त्याला हसू फुटलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तो हसत होता, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना. त्या भरात बोटं सैल पडली. चरवीत बारीक धार वाजली. मग दुसरी. म्हैस रवंथ करायला लागली.

अर्धी चरवी झाली. केवळाबाई भरून काढायची, पण अर्धीही पुष्कळ होती.

रविवारी बबलूनं धाडलेला भुजंग व्यापारी आला. धोंडीबाने त्याला त्याच दुधाचा चहा पाजला आणि म्हैस विकायची नाही म्हणून वाटेला लावलं. लगेच बबलूचा फोन आला.

"आबा, मग धार कोण काढायलंय?"

"मीच."

"खरं सांगा."

"यिऊन बघ. पर हसायचं न्हाई."

सोमवारी चांगुणाबाई फाट्याला गेली. धोंडीबा आता दोन्ही वेळची धार काढतो, गोठ्याचं दार उघडं ठेवून. लुगड्याचा वास जाऊ नये म्हणून ते त्याने धुतलेलं नाही. तरी वास रोज थोडा कमी होतोय, हे त्याला कळतं. पुढचा धडा काय, तेही कळतं. लुगडं खुंटीला ठेवून, स्वतःच्या सदऱ्यावर धार काढायची अजून राहिली आहे.