सोनीबाईच्या दाराचा रंग

मित्रांनो, मी एक जुना रंग आहे. तसं पाहिलं तर माझं वय अवघं तीन वर्षं, पण उन्हातल्या रंगाला तीन वर्षं पुष्कळ झाली. रिसोडजवळच्या एका बंजारा तांड्यावर सोनीबाईचं घर आहे, त्या घराच्या भिंतींवर मी राहतो. माझी ही गोष्ट मोठेपणाची नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला स्वतःची लाज वाटते, म्हणून मी बोलतो आहे.

माझा जन्म रिसोडच्या एका दुकानात झाला. पांढऱ्या रंगाची मोठी बादली मशीनखाली ठेवली, दुकानदारानं नंबर दाबला आणि वरून निळ्याची धार पडली, मग हिरव्याची. शेवटी काळ्याचे चार थेंब पडले. त्या चार थेंबांनी माझा भडकपणा गेला. धड निळा नाही, धड हिरवा नाही, असा मी दबक्या रंगाचा झालो. दुकानदार म्हणाला, "आजकाल शहरात हाच चालते." हे ऐकून माझी छाती जी फुगली ती फुगलीच.

मला विकत घेणारा वीरेंद्र हा सोनीबाईचा मुलगा. तो पुण्यात गाडी चालवतो. एका साहेबाच्या घरी त्यानं असा रंग पाहिला होता आणि फोनमध्ये त्याचा फोटो काढून आणला होता. दिवाळीच्या आधी तो गावी आला तेव्हा सोनीबाई लेकीकडे, चंदाकडे, कारंजाला गेलेली होती. आठ दिवसांत घर रंगवायचं आणि आईला चकित करायचं, असा त्याचा बेत होता. आईला तांड्यावर याडी म्हणतात. "याडी येऊन पाहीन त ओळखणारच नाही," असं तो बायकोला, निताला, म्हणत होता.

त्या घरावर माझ्याआधी सोनीबाईच्या हातचं काम होतं. दर दिवाळीला ती स्वतः भिंती चुन्यानं पांढऱ्या करायची आणि खालच्या बाजूनं गेरूचा लाल पट्टा ओढायची. दार आणि चौकट पिवळी धम्मक. ओट्याला तीन पायऱ्या होत्या, त्या प्रत्येकीच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ. मला ते सगळं अगदी गावंढळ वाटलं. कुंचल्याबरोबर मी भिंतीला टेकलो तेव्हा मात्र एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जुन्या पट्ट्यांचे थर एकावर एक होते आणि दर वर्षाचा पट्टा आदल्या वर्षापेक्षा रुंद होता. सर्वांत खालचा बोटभर, सर्वांत वरचा वीतभर. असं का, हा विचार मी केला नाही. मी आपला पसरत गेलो.

भिंती झाल्या तरी बादलीत मी बराच उरलो. इथंच चूक झाली, आणि ती तुमच्याआमच्या कोणत्याही घरात होईल अशीच आहे. वीरेंद्र म्हणाला, "उरला तो वाया कायले घालवायचा?" मग त्यानं दार रंगवलं, चौकट रंगवली, उंबरठा रंगवला. तिन्ही पायऱ्या, ओट्याची कड, पाण्याची घडवंची, काही म्हणून सोडलं नाही. शेजारचे किसनसिंग येऊन पाहून गेले. "बंगलाच झाला की गड्या," ते म्हणाले. मी हवेत होतो.

सोनीबाई जीपमधून उतरली आणि समोर उभी राहून म्हणाली, "हे कोनाचं घर व्हय?"

सगळे हसले. वीरेंद्र तर फार खूश झाला. त्यानं आईचा हात धरला आणि तिला पायऱ्या चढवून आत नेलं. "आवडला का रंग, याडी?"

"चांगला हाय," ती म्हणाली. आवाज बारीक होता.

दुसऱ्या दिवसापासून सोनीबाईनं बाहेर येणं सोडलं. पहाटे उठून पाणी भरणारी, ओटा झाडणारी, येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारणारी ही बाई खाटेवर बसून राहू लागली. निता म्हणायची, "याडी, चला न ओट्यावर." ती म्हणायची, "नको वं, गुडघे दुखून राह्यले." निताला वाटलं, सासूला रंग आवडला नाही, आपल्या हातचं काम पुसलं म्हणून ती रुसली आहे. वीरेंद्रलाही तसंच वाटलं. "मी इतक्या हौसेनं केलं अन् हिचं तोंड वाकडं," असं म्हणून तो घुश्शातच पुण्याला निघून गेला. खरं सांगू? मलाही तिचा रागच आला होता. एवढा देखणा मी, आणि म्हातारी माझ्याकडे बघतसुद्धा नाही!

पंधरा दिवसांनी निता शेतात गेलेली असताना सोनीबाई बाहेर आली. ओट्यावर मिरच्या वाळत होत्या आणि आभाळ भरून आलं होतं. भिंतीला हात लावत लावत ती कडेपर्यंत आली. तिनं पाय पुढं टाकला तो पायरी समजून, पण तिथं पायरी नव्हती. ती माझ्यावरूनच घसरून खाली गेली आणि तिचं डावं मनगट मोडलं. निताला तिनं सांगितलं की चक्कर आली. सगळ्यांनी ते मानलं.

हाताला प्लास्टर असताना एका दुपारी निता शेतातून लवकर परतली. पाहते तर सोनीबाई उजव्या हातात खापराचा तुकडा घेऊन दाराची चौकट खरवडत होती. माझे पापुद्रे खाली पडले होते आणि मधून जुना पिवळा रंग दिसत होता. नितानं सरळ वीरेंद्रला फोन लावला. तो दोन दिवसांनी आला तो तणतणतच.

"याडी, कायले खरवडून राह्यली? इतका राग हाय माह्या रंगाचा?"

सोनीबाई म्हणाली, "राग नाई रे बाबू. मले दार सापडत नाई."

मित्रांनो, त्या क्षणी मी भिंतीवरून गळून पडलो असतो तर बरं झालं असतं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चार-पाच वर्षांपासून तिची नजर कमी होत चालली होती, ठळक रंग तेवढे ओळखू यायचे. पिवळं दिसलं की ते दार, लाल पट्टा संपला की तो कोपरा, पांढरी रेघ दिसली की तिथं पायरी, असं तिचं चाललेलं होतं. नजर जितकी मंद होत गेली तितके तिनं पट्टे रुंद केले. मी सगळीकडे एकसारखा पसरलो आणि तिच्यासाठी घरच उरलं नाही.

"मंग सांगितलं काहून नाई?" वीरेंद्रचा आवाज आता उतरला होता.

"काय सांगू? आंधळी झाली म्हटलं त तुमी मले चुलीजवळ जाऊ देसान काय? म्हातारी कामाची नाई राह्यली, असंच म्हनसान. मले लाज वाटली."

वीरेंद्र तिला वाशीमला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब टाकत राहिलात तर उरलेली थोडी टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. परत आल्यावर वीरेंद्रनं पिवळा रंग आणला आणि दारावर, चौकटीवर, उंबरठ्यावर मला झाकून टाकलं. पायऱ्यांना पांढरी रेघ मारताना त्यानं विचारलं, "किती रुंद, याडी?" तिनं पूर्ण पंजा पसरून दाखवला. मी तिथून कमी झालो याचं मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. सोनीबाई आता पुन्हा ओटा झाडते, पाणी भरते, आणि चुलीजवळून तिला कोणी उठवत नाही.

तेव्हा माझं एवढं ऐका. घराला रंग द्यायचा झाला तर घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. चकित करायला जाऊ नका. त्यांच्या जुन्या रेघा, जुने पट्टे कशासाठी आहेत ते विचारल्याशिवाय पुसू नका. आणि घरातलं माणूस गप्प बसू लागलं तर ते रुसलं असं धरून चालू नका, त्याच्याजवळ जाऊन बसा. मी रंग, मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.

परवा दुपारी सोनीबाई माझ्या भिंतीला पाठ टेकून शेंगा सोलत बसली होती. सोलता सोलता तिनं विचारलं, "निता, कसा हाय वं तो रंग? पोरानं लय हौसेनं आनला होता."

निताचे हात थांबले. "चांगला हाय, याडी," ती म्हणाली.

सोनीबाईनं मान हलवली आणि हात मागं नेऊन भिंतीवरून, माझ्यावरून, सावकाश फिरवला. तीन वर्षं मी तिच्या घरावर आहे. तिनं मला एकदाही पाहिलेलं नाही.