रांगेत अडकलेला रिपोर्ट

त्या गुरुवारी सकाळी अकरा वाजून दोन मिनिटांनी संदेशानंद महाराजांच्या पादुकांपुढची परात बोलायला लागली. परातीत हळदकुंकू लावलेले चाळीसेक मोबाईल होते. आधी एक टुणकन वाजला, मग दुसरा, मग एकदम पंधरा-वीस. सभागृहातली सगळी माणसं हात जोडून उभी राहिली. कित्येकांचे तपासणीचे रिपोर्ट चार दिवस येत नव्हते, ते सगळे त्या दोन मिनिटांत आले.

"वरून निघालेला निरोप कुणाला अडवता येतो का?" महाराज माइकवर म्हणाले. "मध्ये ग्रहांचं जाळं होतं. आम्ही सिग्नल दिला, लहरी मोकळ्या झाल्या."

हे मला नंतर आमच्या वॉचमनने, सावळीरामने सांगितलं. मी तिथे नव्हतो. मी गंगापूर रोडवरच्या आमच्या लॅबमध्ये, त्याच सभागृहाच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत, गार झालेला चहा पीत बसलो होतो. पलीकडून जयजयकार ऐकू आला तेव्हा वाटलं, कुणाचं तरी लग्न लागलं.

चमत्कार मी केला होता. बरोबर अकराला एक बटण दाबून.

मी लॅबचा मेल सर्व्हर सांभाळतो. अठरा वर्षं झाली. मेल गेला तर कुणी माझं नाव काढत नाही, अडला की पहिला फोन मला. त्या आठवड्यात रिसेप्शनच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि रविवारभर आमच्या नावाने जगाला भंगार मेल पाठवत बसला. सोमवारी मोठ्या कंपन्यांनी आम्हाला काळ्या यादीत टाकलं, आमचा एकही मेल घेईनात. अशा वेळी सर्व्हर मेल फेकून देत नाही. रांगेत ठेवतो आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा दार ठोठावून बघतो. पाच दिवस ठोठावतो, मगच हात टेकतो. एवढी चिकाटी माझ्यात आता उरलेली नाही. अर्जविनंत्या करकरून मी यादीतून नाव काढायला लावलं, ते गुरुवारी सकाळी निघणार होतं. मंगळवारी रिसेप्शनवरच्या शेखरला म्हणालो, "लोकांना सांग, गुरुवारी अकराला सगळे रिपोर्ट एकदम सोडतो." त्याने मान हलवली.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण पेठ तालुक्यातून आलेल्या सावळीरामची बायको भागीबाई महिनाभर खोकत होती. सोमवारी तिच्या थुंकीचा पहिला नमुना घेतला. नुसती लाळच आली होती, त्यात जंतू सापडले नाहीत. तो रिपोर्ट मेलने निघाला आणि रांगेत अडकला. डॉक्टर मॅडमना संशय होता, म्हणून मंगळवारी त्यांनी नमुना पुन्हा घेतला. बुधवारी त्याचा रिपोर्ट कागदावर हातात मिळाला. टीबी. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. आणि गुरुवारी अकराला, त्या परातीत, सोमवारचा अडकलेला रिपोर्ट येऊन पडला: जंतू आढळले नाहीत.

"बुधवारी होता, गुरुवारी गेला," महाराज म्हणाले. "आता गोळ्या कशाला घेतेस माय? अंगारा घे."

भागीबाईंनी गोळ्या बंद केल्या.

मी सावळीरामला मोबाईल काढायला लावला. "ही तारीख वाच. नमुना सोमवारचा आहे."

"वाचली साहेब. महाराजांना बी दाखवली."

"मग?"

"ते म्हणले, आजार मुळापासून काढला, म्हणून सोमवारपासूनच गेला. तारीख बी मागं गेली."

मी कपाळावर हात मारून घेतला. रांग, काळी यादी, बटण, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "समदं खरं आसंल. पन महाराजांनी बुधवारीच सांगितलं व्हतं, मोबाईल घिऊन अकराला या. तुमचं बटण त्यांना कसं दिसलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. अकराची वेळ मी एकाच माणसाला सांगितली होती, आणि त्याने ती लोकांना कळवलीच नव्हती. त्याच्या गळ्यातलं महाराजांचं लॉकेट मी गेले सहा महिने रोज बघत होतो.

पुढच्या मंगळवारी मी शेखरजवळ जाऊन सुस्कारा टाकला. त्यासाठी नाटक करावं लागलं नाही. "परत वैताग. आपल्या पिंपळगावच्या सेंटरचे रिपोर्ट अडकलेत. गुरुवारी अकराला सोडतो. तूर्त कुणाला बोलू नकोस."

एकही रिपोर्ट अडकलेला नव्हता.

गुरुवारी सावळीराम आणि भागीबाईंच्या शेजारी मीही जाऊन बसलो. भागीबाई पदर तोंडाशी धरून खोकत होत्या. आठवड्यात त्यांचा आवाज पार बसला होता. महाराजांनी डोळे मिटले. "द्राक्षांच्या गावाहून काही दुःखी जीव आलेत. पिंपळगावकर, पुढे या. तुमचे निरोप अडकलेत. अकरा वाजता आम्ही सोडतो."

अकरा वाजले. परात गप्प. अकरा वाजून पाच मिनिटांनी एक मोबाईल वाजला आणि शंभर हात जोडले गेले. मालकाने तो कानाला लावला, ऐकलं आणि ओशाळून म्हणाला, "विमा काढायचा का विचारतायत."

"इथं कुणीतरी शंका घेऊन बसलंय," महाराज म्हणाले. "शंकेने लहरी तुटतात."

"मीच बसलोय," मी उठलो. गुडघे दुखत होते. "पिंपळगावच्या रिपोर्टचं मी खोटं सांगितलं होतं. एकाच माणसाला. ते तुमच्या तोंडून कसं आलं, महाराज?"

पुढे बसलेले एक टोपीवाले आजोबा हळूच म्हणाले, "आम्ही पिंपळगावचेच. माझा रिपोर्ट तर मंगळवारीच आला. तुम्ही म्हणालात म्हणून वाटलं, अजून एक येईल."

मागच्या रांगेत काही जण हसले. सगळ्यांनी वळून पाहिलं तर शेखर भिंतीशी खाली मान घालून उभा. "मी फक्त कानावर घातलं," तो पुटपुटला. "महाराज म्हणाले, ही सेवाच आहे." महाराजांना त्याच क्षणी ध्यान लागलं आणि ते आत निघून गेले. तरी निम्मी माणसं जाताना पादुकांना डोकं टेकवूनच गेली. मी खाली बसलो. दमलो होतो.

सावळीरामने परातीतून आपला मोबाईल उचलला आणि शर्टाला कुंकू पुसलं. भागीबाई माझ्याकडे बघत होत्या.

"मंग माझा टीबी?"

"आहे, भागीबाई. तो कुठे गेलाच नव्हता."

"आन सोमवारचा कागद गुरुवारी सुटतोय, ह्ये तुमाला ठाऊक व्हतं?"

"होतं."

"मंग तवाच का नाय सांगितलं?"

त्या दिवशी मी अकराशे रिपोर्ट एका बटणासरशी सोडले होते, आणि उशीर का झाला याची एक ओळ कुणाला लिहिली नव्हती. कंटाळा केला होता. महाराजांनी त्या कंटाळ्यावर अंगारा लावला आणि आठवडा भागीबाईंचा गेला. "चुकलं माझं," मी म्हणालो. मॅडमनी त्याच दुपारी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि आम्हा तिघांनाही झापलं. मला जरा जास्त.

आता आमच्याकडून उशिरा सुटणाऱ्या प्रत्येक मेलवर सगळ्यात वर ठळक ओळ असते: हा रिपोर्ट उशिरा पोचतो आहे, नमुना अमुक तारखेचा आहे. तुम्हीही तेवढं बघत जा. मेल आज आला म्हणून बातमी आजची होत नाही. आणि कुणी पुढची वेळ अचूक सांगितली, तर हात जोडण्याआधी सावळीरामने विचारलं तेच विचारा, की याला हे कळलं कसं. उत्तर मिळायला वेळ लागेल. तोवर गोळ्या चालू ठेवा.