डेक्लनच्या शेडमधला ट्रॅक्टर

आयर्लंडमधल्या ड्रोहेडा गावाच्या बाहेर, फुटपाथ संपतो तिथून थोडं पुढे वासंती आणि शार्दूलचं घर होतं. मागे ऐसपैस मोकळी जागा, तिच्यात गवत. वासंती हॉस्पिटलमध्ये नर्स. शार्दूलची सॉफ्टवेअरमधली नोकरी हिवाळ्यात कपातीत गेली आणि तेव्हापासून तो मिटूनच गेला. विचारलं तर "हं", वाढलं तर जेवायचा. वासंती कामावर जायची, पण जीव घराकडे लागलेला असायचा.

मे महिन्यात गवत गुडघ्याला लागलं. "दुकानात जाऊन गवत कापायचं एक मोअर घेऊन ये," असं ती सकाळी सांगून गेली. संध्याकाळी परतली तर मागच्या दारी एक बुटका, गंजलेला लाल ट्रॅक्टर उभा.

"हे काय आहे?"

"गार्डन ट्रॅक्टर. खाली पाती आहेत, गवत कापतो. शेजारच्या डेक्लनच्या शेडमध्ये पडून होता. भंगारात काढणार होता तो."

"चालतो?"

"नाही."

वासंती आत गेली आणि तिने चहाचं भांडं जरा जोरातच आपटलं. गवत तसंच, वर हा लोखंडी पाहुणा. पण चहा उकळेपर्यंत तिच्या ध्यानात आलं, की नवरा कितीतरी दिवसांनी धड एवढं बोलला होता. मग तिने विषय वाढवला नाही.

इंजिन जाम झालं होतं. शार्दूलने प्लग काढून त्या भोकातून तेल सोडलं आणि रोज थोडं थोडं इंजिनचं चाक हाताने हलवून बघू लागला. कार्ब्युरेटर सुटा करून स्वयंपाकघराच्या टेबलावर मांडला. वासंती कुरकुरली, तरी जेवणाची ताटं मांडीवर घेऊन दोघं जेवली. एका रविवारी त्याने तिला हाक मारली. "जरा धर गं इकडून." दोघांनी मिळून जोर लावला आणि चाक करकरत अर्धा फेरा फिरलं. शार्दूल हसला. ते हसू बघून वासंतीला घरात जाऊन तोंडावर पाणी मारावं लागलं.

जूनमधल्या एका दुपारी ती कामावरून आली तर मागे इंजिन धडधडत होतं. चालू झाला वाटतं, म्हणत ती घाईने घराला वळसा घालून गेली. ट्रॅक्टर गवताच्या मधोमध उभा होता, जागेवर थरथरत. सीट रिकामी.

"शार्दूल?"

नवीन यंत्रं माणूस उतरला की आपोआप बंद होतात, हे जुनं धूड होत नाही, असं तोच तिला म्हणाला होता. खाली फिरणारी पाती तिच्या डोळ्यांपुढे आली. इतके महिने मनात दडवलेली सगळी भीती एकदम वर आली. ती गवतातून धावत सुटली.

ट्रॅक्टरच्या पुढे, उंच गवतात, शार्दूल उकिडवा बसला होता. कानांवर आवाज अडवणारे जाडजूड हेडफोन. तिची सावली पडली तशी त्याने मान वर केली आणि ओठांवर बोट ठेवलं. समोर सशाचं पिल्लू अंग चोरून बसलं होतं, पापणीसुद्धा न हलवता.

वासंती तिथेच खाली बसली. शार्दूलने हेडफोन काढले, जाऊन इंजिन बंद केलं.

"अगं, काय झालं?"

"सीटवर तू दिसला नाहीस. मला वाटलं, पडलास, पात्याखाली..."

तो तिच्याजवळ बसला. ग्रीसचे हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, शेवटी त्याने तिचा खांदा तसाच धरला. "पाती बंद करूनच उतरलो होतो. मला काही झालेलं नाही." मग म्हणाला, "मधे बरा नव्हतो मी. तुला सांगता आलं नाही."

"मला दिसत होतं रे."

"काल एका ठिकाणी अर्ज टाकलाय. बघू."

वासंतीने मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलंही नाही.

पिल्लाभोवतीचं गवत सोडून शार्दूलने बाकीचं कापायला घेतलं. वासंती आत गेली, युनिफॉर्मवरच पलंगावर आडवी झाली आणि खिडकीबाहेर तो धडधडाट चालू असतानाच तिला गाढ झोप लागली.